काल म्हणजे पाव

‘हे फक्त त्यांनाच कळतं हं,’ असं एखाद्या ऑफिसात कुणी कौतुकाने सांगितलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कौतुक कसलं करता? ज्या प्रोग्रामवर शेकडो माणसांची हजेरी लागते तो एकाच माणसाला कळतो, ही सांगायची गोष्ट आहे की लपवायची? उद्या त्या माणसाला कावीळ झाली म्हणजे काय, कारखान्याला टाळं लावणार? पण नाही. त्याच्या टेबलापाशी लोक आवाज खाली घेऊन बोलतात, त्याचा चहा आधी येतो, आणि जी बाई आपलं काम चार लोकांना समजेल असं लिहून ठेवते तिला विचारतात, ‘तुमच्याकडे सध्या फारसं काम दिसत नाही?’

या रागाचं मूळ मद्रासमध्ये आहे. पुढे मी बरीच वर्षं हेच काम केलं, अनेक ठिकाणी केलं, पण इतका शुद्ध, साजूक संताप मला पुन्हा कुठे आला नाही.

नव्वदीची सुरुवात होती. चेन्नई तेव्हा मद्रास होतं. गणितातली पदवी आणि सांगलीतला कॉम्प्युटरचा कोर्स एवढ्या भांडवलावर मी मिरजेहून निघाले आणि वेस्ट मांबलममध्ये मावशीकडे येऊन पडले. मावशीचे यजमान रेल्वेत, बदली होऊन आलेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली एक इस्त्रीवाला आणि कॉफी दळून देणारं दुकान. बाबांनी मला पाठवलं ते काही पुरोगामी म्हणून नव्हे. मी जेवण टाकलं होतं म्हणून. निघताना प्लॅटफॉर्मवर त्यांनी अट सांगितली, ‘दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर राहा. नाही तर मुकाट्याने परत यायचं. तुळशीचं लग्न लागलं की तुझं बघायला लागतो.’ मी हो म्हटलं. गाडी सुटेपर्यंत मी कशालाही हो म्हटलं असतं.

नुंगमबाक्कममधल्या एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. छोट्यामोठ्या कारखान्यांना हजेरीचे, गोदामाचे, पगाराचे प्रोग्राम लिहून देणारी कंपनी. मॅनेजर पांढऱ्याशुभ्र शर्टातले, मऊ आवाजाचे, कुणालाही दुखवायचं नाही अशा बेताने सगळ्यांना दुखवणारे. त्यांनी माझी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, ‘घरी कुठली भाषा बोलता?’ मी सांगितलं, मराठी. साहेब खुर्चीत सरळ झाले. ‘वाचता पण येतं?’ म्हटलं, सार, मी मराठी शाळेत शिकले. त्यांनी लगेच घंटी वाजवून माझ्यासाठी कॉफी मागवली. मी वेडी! मला वाटलं, गणितातले गुण बघून कॉफी आली. ‘आधी तात्पुरतं घेतो, काम बघून दिवाळीला पक्कं करू,’ ते म्हणाले. दिवाळी हा शब्द त्यांच्याच तोंडून आला, त्यामुळे मला तो शुभशकुन वाटला.

मला का घेतलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. कंपनीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे अंबत्तूरच्या एका फाउंड्रीची हजेरी. ते लिहिलं होतं एका तंजावुरी मराठी गृहस्थाने. यांना मी मनातल्या मनात महाशय म्हणायची, इथेही तेच म्हणते. चाळिशीचे, गोरेपान, कपाळाला गंध, ऑफिसात चपला काढून बसायचे. त्यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरला आले ते तिथलेच झाले, घरात मात्र मराठी टिकलं. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, ‘बैसा. कोठील तुम्ही?’ मला एकदम इतिहासाच्या पुस्तकातलं पत्र कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटलं. मी सांगितलं, मिरजेची. ‘म्हणजे तुमचें मराठी नवें,’ ते म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. नवं म्हणे! जसं काही मी बाजारातून कालच आणलं होतं.

तर या महाशयांनी त्या कोबोल प्रोग्राममधलं एकूण एक नाव मराठीत ठेवलेलं होतं. म्हणजे रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, पण मराठीत. कामगारांच्या मुख्य फाइलचं नाव DADLA, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइलचं नाव BAYKO. दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या भागाचं नाव NANAND. सगळं घेऊन काहीच परत न देणारी एक फाइल होती, ती JAVAI. पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला, ती तमिळ होती, माझ्याच वयाची आणि माझ्याइतकीच कच्च्या नोकरीवरची, तिला मी नणंद म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तीही हसली. मग ती म्हणाली, ‘आणि आम्ही इतके महिने डिक्शनरीत शोधतोय.’

तिथे माझं हसू गेलं. कारण ही गंमत नव्हतीच. हे कुलूप होतं. त्या ऑफिसात तमिळ, तेलुगू, मल्याळी सगळे होते, मराठी एकटे महाशय. घरची भाषा घालून त्यांनी प्रोग्रामला कडी लावली होती आणि ते बाहेर पायरीवर बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! मॅनेजरांना ती मूठ उघडून हवी होती, पण महाशयांना दुखवून नको होती. म्हणून त्यांनी एक मराठी मुलगी शोधली. मी प्रोग्रामर म्हणून गेले होते. मला घेतलं होतं दुभाषी म्हणून.

आता महाशयांची कामाची पद्धत सांगते, म्हणजे मी कशाने उकळायची ते कळेल. फाउंड्रीतून फोन यायचा, हजेरी चुकली. महाशय चपला घालायचे, फ्लॉपी पिशवीत टाकायचे आणि स्कूटर काढून अंबत्तूरला जायचे. तिथेच, त्यांच्याच मशीनवर, उभ्या उभ्या प्रोग्राममध्ये काहीतरी बदलायचे. हजेरी बरोबर यायची. संध्याकाळी घामाघूम होऊन परतले की मॅनेजर स्वतः उठून म्हणायचे, ‘हे नसते तर काय झालं असतं?’ अहो, हे नसते तर हजेरी चुकलीच नसती! आग लावणारे हेच, बंब घेऊन धावणारे हेच, आणि हारही यांच्याच गळ्यात. तिथे केलेला बदल ते ऑफिसात कधी आणायचे नाहीत. त्यामुळे त्या एकाच प्रोग्रामच्या तीन फ्लॉप्या होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या. मी विचारलं, ‘यातली खरी कुठली?’ महाशय शांतपणे म्हणाले, ‘खरी तेथें कारखान्यांत आहे.’ म्हणजे आमच्याकडे होती ती काय, उत्सवमूर्ती?

मी वाचायला बसले. बराचसा प्रोग्राम आठवडाभरात उलगडला, कारण काहीही म्हटलं तरी भाषा माझी होती. अडकलं ते उशिरा येणाऱ्यांच्या हिशेबात. तिथे तीन नावं होती: KAL, ARE आणि MUKKAL. मी वाचलं, काल, अरे, आणि तिसरं बहुधा मुक्काम, शेवटचं अक्षर चुकलेलं. ‘काल, अरे, मुक्काम.’ वाक्य म्हणून काही अर्थ लागेना. पण काल म्हणजे आदल्या दिवसाची नोंद, हे मला इतकं उघड वाटलं की शंकासुद्धा आली नाही. तरी खात्री करावी म्हणून महाशयांना विचारायला गेले.

‘हा KAL म्हणजे काय हो?’

‘मराठी येतें ना तुम्हांस?’ त्यांनी विचारलं.

‘येतं की.’

‘अप्पुरम काय? वाचा.’ अप्पुरम म्हणजे मग. त्यांच्या मराठीत असे तमिळ शब्द भातात खडे यावेत तसे मध्येच यायचे.

मी वाचलं. काल धरून तो भाग नव्याने लिहिला आणि ऑफिसातच जुन्या हजेरीवर चालवून पाहिला. काल उशिरा आलेला माणूस आजही उशिरा आला असं दिसायला लागलं. जो वेळेवर आला त्याची पाळी कापली जायची, जो उशिरा आला तो सुटायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मॅनेजर रोज येऊन माझ्या पाठीमागे उभे राहायचे आणि मऊ आवाजात विचारायचे, ‘एन्नम्मा, काय हो बाई, मराठी येतं म्हणाला होतात ना?’ पलीकडे महाशय ते ऐकत असायचे. तोंडात पान, मान खाली. त्यांना ठाऊक होतं मी कुठे अडले आहे. एका शब्दात सांगता आलं असतं. नाही सांगितला.

मी रडकुंडीला आले होते. गणपती जवळ आले होते, म्हणजे दिवाळी फार लांब नव्हती, आणि बाबांच्या पत्रात आता ‘ते सातारचे लोक पुन्हा विचारत होते’ अशी वाक्यं यायला लागली होती.

त्या रविवारी मावशीबरोबर मांबलम स्टेशनजवळच्या भाजीबाजारात गेले. मावशीला तमिळ बेताचंच यायचं, पण भाजीपुरतं पक्कं होतं. वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहून ती म्हणाली, ‘काल किलो.’ बाईने वांगी तोलली. मग मावशी भेंडीकडे वळली, ‘अरै किलो.’ मी विचारलं, ‘मावशी, काल काय घेतलं होतंस?’ ‘काल कुठे काय घेतलं?’ ती म्हणाली. ‘अगं, काल म्हणजे पाव. अरै म्हणजे अर्धा. मुक्काल म्हणजे पाऊण. इतके महिने झाले, एवढं नाही कळत तुला?’

मी त्या चिखलात, हातात वांग्यांची पिशवी, तशीच उभी राहिले. पाव, अर्धा, पाऊण! उशीर झाला की पाळीचा पाव भाग कापायचा, फार उशीर झाला तर अर्धा, त्याहून झाला तर पाऊण. इतकं साधं. बाकी सगळं मराठीत लिहिणाऱ्या त्या माणसाने अपूर्णांक मात्र तमिळमध्ये मोजले होते, कारण त्यांच्या घरी तीनशे वर्षं भाजी तमिळमध्येच घेतली जात होती. रोमन लिपीत ना ऱ्हस्व-दीर्घ कळतं, ना भाषा कळते. शेजारच्या तमिळ मुलीनेही ही नावं बाकीच्यांसारखी परकीच समजून सोडून दिली होती. मावशीला वाटलं मला चक्कर आली. तिने मला नारळपाणी पाजलं.

सोमवारी मी तडक महाशयांच्या टेबलाशी गेले. ‘KAL म्हणजे पाव,’ मी म्हटलं, ‘तमिळ पाव. तुम्हाला माहीत होतं मी काल वाचतेय म्हणून. मला तुम्ही “मराठी वाचा” म्हणालात!’ महाशयांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ना ओशाळलेपण, ना राग. ‘आमच्या घरीं हेंच मराठी,’ ते म्हणाले. ‘तुम्हांस तुमचें तेवढेंच मराठी वाटतें, हा माझा अपराध काय?’

मी चिडून माझ्या टेबलाशी परतले. खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात काहीतरी होतं. ते मराठी त्यांनी जपलं होतं, आमच्यापैकी कुणीही मदत न करता. पण जपलेली भाषा ही काय लोकांच्या हजेरीला कुलूप म्हणून लावायची वस्तू आहे? घरी बोला, नातवंडांना शिकवा, ओव्या म्हणा. फाउंड्रीतल्या माणसाची पाळी का कापली हे त्याला सांगताना ते मराठी कशाला हवं?

त्या दिवसापासून मी दुभाषीपणा सोडला. मॅनेजरांना जाऊन सांगितलं की यातलं भाषांतर मी करणार नाही, सगळं नव्याने लिहीन, आणि माझ्या पद्धतीने लिहीन. पद्धत म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हतं. प्रत्येक गोष्टीला साधं इंग्रजी नाव, ऑफिसात सगळ्यांना येतं तेवढं. एका तुकड्याने एकच काम करायचं. का केलं ते वर दोन ओळींत लिहायचं. कारखान्यात जाऊन हात लावायचा नाही. बदल इथे करायचा, इथे तपासायचा, मग घेऊन जायचं. फ्लॉपी एकच खरी. आणि मी लिहिलेला प्रत्येक तुकडा शेजारच्या मुलीने वाचायचा. तिला कळला तर ठेवायचा. नाही कळला तर चूक तिची नाही, माझी. फाडून पुन्हा लिहायचा.

‘एका कामाला दोघी कशाला?’ मॅनेजरांनी विचारलं.

‘सार, दोघींना कळलं तर एक नसली तरी तुमचं काम अडणार नाही,’ मी म्हणाले. अगदी अभिमानाने म्हणाले. माझ्याच तोंडाने!

शेजारची मुलगी वाचणारी जबरदस्त निघाली. ती स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायची आणि थांबली की मला धडकी भरायची. ‘हे कशासाठी?’ एवढंच विचारायची. मी सांगायला लागले की म्हणायची, ‘मला सांगू नकोस, त्यात लिही.’ आम्ही दोघी कडाकडा भांडायचो. एकदा एका नावावरून दुपारभर बोललो नाही, डबासुद्धा पाठ फिरवून खाल्ला. शेवटी तिचंच नाव ठेवलं, ते जास्त चांगलं होतं. पण मी इतक्या आनंदाने त्यापूर्वी काम केलं नव्हतं, आणि हे सांगायला मला काही लाज नाही. पुढे मोठमोठ्या कंपन्यांत मी टीमवर्कवरची व्याख्यानं ऐकली, थंड हॉलमध्ये, बिस्किटं खात. ती देणाऱ्यांतल्या एकालाही कुणी ‘मला सांगू नकोस, त्यात लिही’ असं म्हटलेलं नव्हतं.

महाशय या काळात फाउंड्रीतून फोन आला की स्कूटर काढून जायचे, जुना प्रोग्राम ठाकठीक करून यायचे. मग आमचा नवा प्रोग्राम तिथे बसवला. बसवायला आम्ही दोघी बसने गेलो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पहिला महिनाही गेला. फोन आला नाही. मॅनेजर अस्वस्थ झाले. एकदा त्यांनीच फाउंड्रीला फोन लावला आणि विचारलं, ‘काही बिघडलंय का? तुमचा फोन नाही.’ ‘हजेरी बरोबर येतेय, फोन कशाला करू?’ पलीकडचा माणूस म्हणाला असावा, कारण मॅनेजरांनी ‘ओ’ म्हणून रिसीव्हर खाली ठेवला. मला वाटलं, आता मला शाबासकी मिळणार. मी घरी पत्र टाकलं, ‘नोकरी पक्की होईलसं दिसतं.’ बाबांना काम समजावं म्हणून अगदी सोप्या शब्दांत दोन पानं लिहिली.

दिवाळीच्या आधी मॅनेजरांनी मला बोलावलं. समोर कॉफी होती. त्यांनी खूप स्तुती केली. इतका स्वच्छ प्रोग्राम आपण पाहिला नाही, म्हणाले. परवा मी रजेवर असताना शेजारच्या मुलीने फाउंड्रीला हवा असलेला एक बदल एकटीने, तासाभरात करून दिला, हेही सांगितलं. मी मान डोलवत होते.

‘म्हणजे आता ते काम कुणालाही करता येईल,’ ते म्हणाले.

‘हो सार.’

‘ती करेल. ती इथलीच आहे, घर इथे आहे, कुठे जायची नाही. तुम्हाला आणखी ठेवण्याचं कारण दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नका. हे तुमच्या कामाचंच यश आहे.’

मला आधी नीट कळलंच नाही. मग मी विचारलं, ‘आणि ते?’ म्हणजे महाशय. ज्यांच्यामुळे हा सगळा खेळखंडोबा झाला ते.

मॅनेजर जरा दचकले. ‘त्यांना कसं काढणार? त्यांनी लिहिलेले आणखी कितीतरी प्रोग्राम आहेत. ते गेले तर वाचणार कोण?’

‘मी वाचीन!’

‘मग पुन्हा ते नव्याने लिहाल,’ मॅनेजर हसून म्हणाले, ‘आणि पुन्हा कुणालाही कळेल. मग पुन्हा हाच प्रश्न.’ त्यांना ते विनोदी वाटत होतं. मी कॉफी प्यायले नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. इथे लाथ मारणारी गाय गोठ्यात होती आणि दूध देणारीला बाहेर काढत होते, आणि वर सांगत होते की हे तिच्या दुधाचंच यश आहे!

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. शेजारच्या मुलीला तोपर्यंत कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नोकरी पक्की झाली होती आणि तिला रडू येत होतं. महाशय उठून माझ्यापाशी आले. त्यापूर्वी ते कधी कुणाच्या टेबलाशी गेलेले मी पाहिले नव्हते. हळू आवाजात, फक्त मला कळेल अशा त्या जुन्या मराठीत म्हणाले, ‘तुम्हांस लिहायास येतें. राहायास येत नाहीं.’

टोमणा असता तर मी फाडून खाल्लं असतं. पण त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला समजावत होते, मोठा भाऊ समजावतो तसे. तेच मला जास्त झोंबलं.

नंतर बरंच काही करता आलं असतं. एक तास बसून सगळी नावं बदलता आली असती. मिरजेकडे अशा काही शिव्या आहेत की त्या रोमन लिपीत लिहिल्या असत्या तर त्यांचा अर्थ महाशयांनाही लागला नसता. मनात आलं, खोटं कशाला बोलू, बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण सोमवारी तो प्रोग्राम शेजारची मुलगी उघडणार होती, स्क्रीनवर बोट ठेवून. मी मशीन बंद केलं आणि पर्स उचलली.

दिवाळीला मी मिरजेत होते. मावशीने बाबांना फोनवर सांगून पाहिलं की दुसरीकडे बघू, मद्रास मोठं आहे. बाबा म्हणाले, अट म्हणजे अट. पोरीने वर्षभर कळ काढली असती तर एव्हाना दुसरीकडे लागलीही असती, असं मला पुढे किती जणांनी ऐकवलं! त्यांना सांगते, माझ्या जागी उभं राहून पाहा आणि मग बोला.

तुळशीचं लग्न लागलं आणि सातारचे लोक आले. मुलगा, त्याची आई, काका. मी चहा आणून ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे खुर्चीत बसले. काकांनी बाबांना विचारलं, ‘मद्रासला होती म्हणे. काय करायची?’

‘कॉम्प्युटरवर टायपिंग,’ बाबा म्हणाले.

त्यांनी मला कमी लेखायला म्हटलं नव्हतं. माझी दोन पानं त्यांनी वाचली होती, आईलाही मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि त्यातून त्यांना तेवढंच समजलं होतं.

‘टायपिंग नाही, बाबा,’ मी म्हणाले. आईने डोळे वटारले. मी थांबले नाही. त्या मंडळींना सांगितलं की तिथे शेकडो माणसांच्या हजेरीचा एक प्रोग्राम होता, तो एकाच माणसाला कळायचा आणि रोज चुकायचा. तो मी पहिल्यापासून असा लिहिला की कुणालाही वाचता यावा, कुणालाही दुरुस्त करता यावा, आणि मी नसले तरी चालावा. आणि तो चालतोय. मी बोलत होते आणि माझा आवाज चढत होता, हे मला ऐकू येत होतं.

मुलाने मान खाली घातली. त्याच्या आईने कप बशीत ठेवला, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाली, ‘अगोबाई! म्हणजे सोपंच होतं की गं.’